बाबाच्या कोड्यांचा उन्हाळा

मार्च लागला की माझ्या पहिलीच्या वर्गात प्राण्यांची कोडी सुरू होतात. अभ्यास जवळपास संपलेला असतो, परीक्षेला अजून थोडा अवकाश असतो आणि उन्हामुळे पोरं दुपारनंतर पेंगायला लागतात. अशा वेळी फळ्यावर दोन ओळींचं एखादं गमतीचं कोडं लिहिलं की वर्ग टुणकन जागा होतो. जोडाक्षर दिसलं की ज्यांना घाम फुटतो, तीही पोरं उत्तरासाठी अक्षरांशी झटापट करतात. आणि उत्तर सापडलं की जी काही हसतात! त्या हसण्यासाठी वर्षभराची सगळी दमछाक माफ करावी.

पेणच्या या शाळेत मला आता बरीच वर्षं झाली. दरवर्षी हे दिवस आले की मीही पोरांबरोबर हसते, आणि मधल्या सुट्टीत मात्र वर्गातच बसून राहते. सोबतच्या बाई दारातून डोकावतात. “डबा नाही खायचा?” मी म्हणते, “येते, एवढ्या वह्या तपासून.” वह्या तपासायच्या नसतात. मला तेव्हा रोह्याची एक खोली दिसत असते. दारात उन्हाची तिरीप पडलेली, चुलीवरून नुकती उतरलेली तांदळाची भाकरी, आणि जमिनीवर मांडी घालून बसलेला माझा बाप. पिवळ्या पडलेल्या बोटाने एकेक अक्षर चाचपणारा.

आमच्याकडे बापाला अहो-जाहो करत नाहीत. मी शिक्षिका झाले तरी बाबाला ‘तू’च म्हणत राहिले. इथेही तसंच लिहिते आहे. ‘ते’ लिहिलं तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी बाप वाटेल.

आमचं गाव वडखळच्या पुढे, खाडीच्या काठाला. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला मिठागरं. बाबा मिठागरावरच वाढला. गावात शाळा होती, पण पाऊस संपला की मिठाचं काम सुरू व्हायचं, आणि घरातल्या प्रत्येक हाताला तिथे काम असायचं. त्यामुळे बाबा शाळेत बसला तो जेमतेम एक पावसाळा. पाटीवर ‘ग’ गिरवायला शिकेपर्यंत ऊन पडलं आणि शाळा सुटली ती कायमचीच. पुढे आयुष्यभर कागद समोर आला की तो डाव्या हाताचा अंगठा पुढे करायचा.

पण कोडी घालण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. दुपारी मिठागरावरची माणसं नारळाच्या झापाच्या सावलीला बसली की बायका हमखास म्हणायच्या, “हिराजी, घाल रं एकादा!” बाबा खाडीकडे बघायचा, डोळे बारीक करायचा आणि समोर जे काही सरपटत, उडत, चालत असेल त्याच्यावर तिथल्या तिथे कोडं रचायचा.

“दोन कात्र्या हातात, तरी शिंपी नाय;
सरळ वाट समोर, तरी आडवे पाय.”

चिंबोरी! सगळे ओरडायचे. खेकड्याला आमच्याकडे चिंबोरी म्हणतात. मग बगळ्याची पाळी.

“एका पायावर उभा, शिक्षा कुनाची नाय;
डोळं मिटून जप करतो, मनात मासली हाय.”

हे कोडं घालताना बाबा स्वतः एका पायावर उभा राहायचा, हात जोडायचा आणि एक डोळा किलकिला करून कुणाच्या तरी डब्याकडे बघायचा. बायका हसून लोळायच्या. मी लहान होते, पण ते हसणं मला आठवतं. मिठावर ऊन पडलं की डोळे दिपतात ना, तशी त्या हसण्याने मी दिपून जायची. हा आपला बाप आहे, असं वाटायचं.

मी दुसरीत गेले त्या वर्षी आम्ही रोह्याला आलो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे बाबाला भराई-उतराईचं काम मिळालं. गावाकडच्या आणखी दोघा-तिघांनी तिकडची वाट धरली होती. रोह्याला जाणाऱ्या रस्त्यालगत एका चाळीत आम्ही खोली घेतली. तिथल्या हवेला वास होता. काही दिवशी कुजक्या फळांसारखा, काही दिवशी नाकात झणझणणारा. आई पहिले पंधरा दिवस पदर तोंडाला लावून वावरली. मग सवय झाली. बाबाची बोटं मात्र पिवळी पडली ती पडलीच. कसल्यातरी रंगाची पावडर असायची पोत्यांत. तो पहिल्या पाळीवरून साडेतीनला घरी यायचा, मोरीत बसून काथ्याने बोटं घासायचा, साबण लावायचा, पुन्हा घासायचा. पिवळेपणा जात नसे.

कंपनीत एक सुपरवायझर होते. माणूस चांगला. बाबाचं काम त्यांना आवडायचं. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी बाबाला बाजूला घेऊन सांगितलं, “हिराजी, हेल्परची एक जागा भरायची आहे. कायमची. मी तुझं नाव देतो. पण पिंपावर लिहिलेलं वाचता आलं पाहिजे आणि सूचनांचा फळा वाचता आला पाहिजे. उद्या चुकीचं पिंप उघडलंस तर तुझाच जीव जायचा. एप्रिलच्या अखेरीस मी स्वतः तुझ्याकडून वाचून घेणार.”

हे सगळं मला पुढे आईकडून कळलं. बाबा त्या दिवशी घरी आला तो नेहमीसारखा मोरीत बसून बोटं घासू लागला. तिसऱ्या दिवशी मी दारात बसून बाईंनी दिलेलं पुस्तक चाळत होते. प्राण्यांच्या कोड्यांचं पातळसं पुस्तक, मोठ्या अक्षरांचं, नव्याने वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी. बाबा माझ्याजवळ येऊन बसला. त्याने आधी आई आत आहे ना ते बघितलं.

“वनी, तुला वाचता येतं?”

“येतं की.”

“सगलं?”

“सगळं,” मी म्हणाले. खरं तर माझीही गाडी जोडाक्षराला अडत होती. पण सात वर्षांच्या पोरीला बाप असं विचारतो तेव्हा ती खरं थोडंच सांगते?

“मना शिकवशील?”

‘मना’ म्हणजे मला. आमच्या गावाकडे असंच म्हणतात. मी एवढ्या जोरात ‘हो’ म्हणाले की आई बाहेर आली. काय चाललंय ते कळल्यावर ती पीठ लागलेल्या हातांनी दाराला टेकून हसत सुटली. “बग गो बाय, बाप-लेक एकाच वर्गात! हजेरी कोण घेनार?”

पहिल्या दिवशी मी बाईंचंच पुस्तक काढलं. पहिलं कोडं सिंहाचं होतं. दुसरं हत्तीचं. तिसरं उंटाचं. बाबाने तिन्ही ऐकून घेतली आणि मान हलवली. “सिंव कुनी बगितलाय? न बगितलेल्या जनावराचं कोडं कसं सुटंल? आपन आपली घालू. मी सांगतो, तू लिव.”

म्हणून मग वही आली. चार रेघी, निळ्या पुठ्ठ्याची. बाबा सांगायचा, मी जीभ दातांत धरून लिहायची, आणि मग तो त्यावर बोट ठेवून वाचायचा. पहिली आली ती चिंबोरी. मी लिहिलं, ‘तरी शिंपी नाही’. बाबा थांबला.

“मी काय बोललो?”

“नाय.”

“मग तू काय लिवलास?”

“‘नाही’. बाई म्हणतात ‘नाय’ अशुद्ध आहे.”

“अगो, पन पुडं ‘पाय’ हाय ना! ‘नाही’शी ‘पाय’ कसा जुलंल? माजी चिंबोरी लंगडी केलीस तू.”

मी हट्टाला पेटले. शेवटी आईने निवाडा केला की शाळेत ‘नाही’ आणि घरात ‘नाय’. मी खोडून ‘नाय’ लिहिलं. तो शब्द त्या वहीत मग किती वेळा आला असेल! बाबाच्या जवळजवळ प्रत्येक कोड्यात काहीतरी ‘नाय’ असायचंच.

तो मार्च मला वासांनी आठवतो. आंब्याच्या कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या होत्या आणि चाळीमागच्या झाडाखाली वाऱ्याने गळून पडायच्या. मी त्या वेचून आणायची, आई त्यांवर मीठ-मसाला टाकायची, आणि कैरीची फोड चोखत आमचा वर्ग भरायचा. बाबाला अक्षरांतही जनावरं दिसायची. ‘ढ’ म्हणजे शेपूट पोटाशी घेऊन झोपलेलं कुत्रं. ‘ळ’ म्हणजे एकमेकींच्या तंगड्यांत अडकलेल्या दोन चिंबोऱ्या. ‘ह’ त्याला आवडायचा नाही. “ह्ये काय जनावर नाय. ह्याला तोंड कुटं नि पाय कुटं?” मी त्याला टेबलावर पट्टी आपटून दटावायची. टेबल नव्हतं, पाटा होता.

एकदा आम्ही बाजारात गेलो होतो. एसटी स्टँडजवळ पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘पिण्याचे पाणी’ लिहिलेलं होतं. बाबा एकाएकी थांबला. त्याने माझा हात दाबला आणि दुसऱ्या शब्दाकडे बोट केलं. “वनी, ते बग. चिंबोरीच्या पायातलं ‘पा’!” मागून येणारा माणूस आमच्यावर आदळला, वैतागला. बाबा त्याच्याकडे बघूनही हसला. मी मात्र म्हटलं, “पण पुढचं काय आहे ते कुठे वाचता आलं तुला?”

माझं हे असंच चालायचं. मी कडक मास्तरीण होते.

त्याच दिवसांत शाळेत एक गोष्ट घडली. लहानशीच. बाईंनी मला धडा वाचायला उभं केलं. धडा मला तोंडपाठ होता, मी भराभर वाचू लागले. बाई चालत माझ्या बाकाशी आल्या आणि त्यांनी पुस्तकावर आपला पंजा ठेवला. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. मी बाईंच्या हाताकडे बघत पुढचं ‘वाचत’ राहिले. सगळा वर्ग हसला. “पाठ म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे, वनिता,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. बाई वाईट नव्हत्या. वर्गात साठ पोरं होती आणि त्यांना जे ठाऊक होतं ते त्या करत होत्या. मी घरी आले आणि कुणालाच काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी बाबाचं बोट नीट बघायला लागले.

आणि मला दिसलं की त्याचं बोट एका शब्दावर असायचं आणि तोंड दुसऱ्याच. तोंडाने ‘शिंपी’ म्हणायचा तेव्हा बोट ‘हातात’वर असायचं. ओळ संपायची तरी बोट मधेच कुठेतरी असायचं. मग तो घाईने ते शेवटच्या शब्दावर नेऊन ठेवायचा. कोडी त्याचीच होती. त्याला ती पाठ असणारच. मी तेव्हा त्याला काही बोलले नाही. मनात मात्र धरून ठेवलं.

मार्च संपत आला होता. रविवार होता. चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत आंब्याखाली बाज टाकून बाबा आणि त्याच्या कामावरची चार-पाच माणसं बसली होती. बायका पलीकडे सांडगे घालत होत्या. तेवढ्यात सुपरवायझर साहेब स्कूटरवरून तिकडून चालले होते, ते बाबाला बघून थांबले. आईने पाणी दिलं, कैरीचं पन्हं दिलं. बोलता बोलता साहेबांनी विचारलं, “काय हिराजी, कुठवर आलं वाचन?”

बाबाचा चेहरा असा उजळला होता! “येतंय साहेब. वाचतो मी. वनी, आन गो वही.”

मी धावत जाऊन वही आणली. बाबाने ती मांडीवर घेतली, कोंबड्याचं पान काढलं. पान त्याला चित्रावरून कळायचं. मी प्रत्येक कोड्याशेजारी चित्र काढलं होतं. त्याने घसा साफ केला, बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं,

“घड्याल नाय, भोंगा नाय, पयली पाली चुकत नाय;
डोक्याला तुरा लाल, तरी साहेब कुनी म्हनत नाय.”

सगळे खदखदून हसले. साहेब सर्वांत जास्त हसले. “अरे वा, हिराजी! कोंबडा की मी?” बायकांनी सांडगे सोडून माना वळवल्या. आई दारात उभी होती, तिने पदर डोक्यावरून नीट केला. साहेब म्हणाले, “अजून एक वाच.”

बाबाने पान उलटलं. म्हशीचं आलं. त्याने वाचायला सुरुवात केली. “दिवसभर डुंबते, तरी कालीच काली...” मी त्याच्या खांद्याशी उभी होते. त्याचं बोट ‘दिवसभर’वरच थांबलं होतं.

मी हात पुढे केला आणि पानावर पंजा ठेवला.

का ठेवला? तीस-पस्तीस वर्षं मी याचं उत्तर शोधते आहे. मला वाटतं, तोही माझ्याबरोबर हसेल असं मला वाटलं होतं. एवढा कोड्यांतला माणूस, त्याला गंमत कळणार नाही? की मलाही सगळ्यांनी बघावं, मास्तरीण मी आहे, असं वाटत होतं? की वर्गात जे माझं झालं होतं ते कुणाच्या तरी माथी मारायचं होतं? सात वर्षांच्या पोरीच्या मनात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. मी रोज चाळीस पोरांत वावरते, मला माहीत आहे.

बाबाला कळलंच नाही. तो माझ्या पंजाकडे बघत पुढची ओळ वाचून गेला. “...पांढरं दूध देते, रोज संध्याकाल-सकाली.”

मग मी म्हणाले, मोठ्याने, बाईंच्याच आवाजात, “बाबा, तू वाचत नाहीस. तुला पाठ आहे!”

आणि हसणं फुटलं. आधीच्या हसण्यासारखंच होतं ते, तितकंच मोठं. पण बाबा त्यात नव्हता. कामावरचा एकजण म्हणाला, “हिराजी, पिंपावर पन हात ठेवून वाच रं!” बाकीचे आणखी हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. ती माणसं रोज त्याच्या कोड्यांवर हसत आली होती, त्यांना हेही त्यातलंच वाटलं.

बाबाने माझा हात पानावरून हलकेच बाजूला केला. वही मिटली. “पोरगी खरं बोलली, साहेब,” तो म्हणाला. “मना काय वाचता येत नाय.”

साहेबांचं हसू ओसरलं. “अरे, अजून महिना आहे हातात. शीक. सावकाश शीक.”

“व्हय,” बाबा म्हणाला.

तो मला रागावला नाही. रागावला असता तर फार बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी साडेतीनला तो आला, बोटं घासली, भाकरी खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मी वही घेऊन जवळ गेले. “बाबा, बसायचं?” तो म्हणाला, “आज अंग दुखतंय गो.” त्याच्या पुढच्या दिवशीही अंग दुखलं. चौथ्या दिवशी मी वही नेली नाही. त्या आठवड्यात कधीतरी त्याने साहेबांना सांगून टाकलं की माझं नाव देऊ नका. साहेबांनी दोनदा समजावलं म्हणे. त्याने ऐकलं नाही.

ती जागा दुसऱ्या कुणालातरी मिळाली. पावसाच्या तोंडावर ठेका संपला आणि आम्ही सामान एका टेम्पोत घालून गावी परतलो. नागोठणं मागे पडेपर्यंत आई रडत होती. तिला रोहा आवडायला लागलं होतं. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्याचं डोकं तेवढं मागून दिसत होतं.

पुढे त्याने खूप कामं केली. मिठागरावर, शेतात, डोलवीला कारखान्याच्या बांधकामावर ठेकेदाराच्या हाताखाली. घरात खायला कमी पडलं नाही, माझं शिक्षण थांबलं नाही. सांगण्यासारखं वाईट काही घडलं नाही. फक्त त्याने कोडी घालणं सोडलं. मिठागरावर बायका म्हणायच्या, “हिराजी, घाल रं एकादा,” तो म्हणायचा, “आता नाय आठवत.” दोन-तीन हंगाम त्यांनी विचारलं. मग विचारणं थांबलं. नंतर आलेल्या नव्या माणसांना तर हा माणूस कधी कोडी घालायचा हे ठाऊकच नव्हतं. गावी परतल्यावर जन्मलेल्या माझ्या धाकट्या भावाला बाबा म्हणजे अबोल माणूस एवढंच माहीत. त्याने बाबाच्या तोंडून एकही कोडं ऐकलं नाही. मी भावाला चिंबोरीचं कोडं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “हे आपल्या बाबाचं? काहीतरीच.”

बाबा जाऊन आता चार वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात एकदा मी त्याच्या उशाशी बसून त्या रविवारचा विषय काढला होता. तो म्हणाला, “मना काय ते आठवत नाय गो बाय.” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी आईकडे बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती. बाबा झोपल्यावर ती हळूच म्हणाली, “आठवतंय त्याला. तुज्यासाठी नाय बोलला.”

पण मला जे सांगायचं आहे ते त्याच्या कितीतरी आधीचं आहे. बारावी झाल्यावर मी पेणला डी.एड.ला आले. नवं शतक नुकतंच लागलं होतं. एका दुपारी आम्हाला मुलं वाचायला कशी शिकतात ते शिकवत होते. शिकवणारे सर उतारवयाचे होते, सावकाश बोलायचे. ते म्हणाले, “मूल आधी वाचत नाही. ते आधी वाचल्यासारखं करतं. गोष्ट पाठ असते, ती म्हणत म्हणत ते ओळीवरून बोट फिरवतं. बोट एकीकडे, तोंड दुसरीकडे. आपल्याला वाटतं, हे फसवतंय. तसं नाही. ते तोंडातला शब्द कागदावर शोधत असतं. फिरवू द्या बोट. मग कुठेतरी एखादं ओळखीचं अक्षर दिसतं, ते बोट दाखवून सांगतं, हे बघा. तिथून पुढे फार दिवस लागत नाहीत. त्या वेळी त्याला हसू नका. ते वाचायला लागलेलं असतं.”

बाकीच्या मुली वहीत लिहून घेत होत्या. मी पेन खाली ठेवलं. टाकीसमोर थांबलेला, माझा हात दाबणारा बाबा मला दिसत होता.

मी पुढचा तास बुडवला आणि वडखळची एसटी पकडली. घरी गेले तर आई म्हणाली, बाबा बांधावर आहे. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध दर उन्हाळ्यात दुरुस्त करावा लागतो. बाबा गुडघाभर चिखलात उभा राहून मातीचे गोळे थापत होता. मला भर दुपारी आलेली बघून घाबरला. “काय झालं गो?”

“काही नाही. तुला एक सांगायचं होतं.”

मी बांधावर बसून सगळं सांगितलं. सर काय म्हणाले ते. बोटाचं आणि तोंडाचं. मी म्हणाले, “बाबा, तू तेव्हा खोटं वाचत नव्हतास. तू वाचायलाच लागला होतास. मला कळलं नाही. मी लहान होते रे.” मला रडू यायला लागलं होतं.

त्याने हात पाण्यात बुचकळून धुतले, पंच्याला पुसले. “तू जेवलीस?” त्याने विचारलं.

“आपण पुन्हा शिकू या, बाबा. मी दर रविवारी येईन.”

“नको गो बाय,” तो म्हणाला. “आता वाचून कंचं पिंप उगडायचं हाय?”

आणि तो हसला. मलाही हसावं लागलं. मला वाटलं, झालं, माझं ओझं उतरलं. घरी येऊन आम्ही जेवलो, सुक्या बोंबलाचं कालवण होतं. त्याने दुसऱ्यांदा भात घेतला. आईशी पावसाबद्दल, बांधाबद्दल बोलला. ऊन उतरल्यावर मला सोडायला तो वडखळ नाक्यापर्यंत आला. नाक्यावर अलिबागकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी होती, धूळ उडत होती. आम्ही एका टपरीच्या सावलीला उभे राहिलो. पेणची गाडी येत नव्हती.

“वनी,” तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “तवा अजून किती दिस लागलं असतं?”

“कशाला?”

“मना. वाचायला.”

वर्ष लागलं असतं, असं मी म्हणू शकले असते. दोन वर्षं म्हणाले असते तरी चाललं असतं. त्याने विश्वास ठेवला असता. पण मी त्याच दिवशी शिकून आलेली, नवी मास्तरीण होते. मी मनात हिशेब केला आणि खरं तेच बोलले.

“रोज बसला असतास तर महिनाभर.”

“येवडाच?” बाबा म्हणाला.

मग गाडी आली. त्याने माझी पिशवी उचलून मला आत दिली, आणि कंडक्टरने दार लावून घेतलं.